बसायला नाही आले मी

खिडकीजवळच्या खुर्चीतून,
६ मार्च

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागवायचं असेल तर माझ्या नव्या गुडघ्यावर रागवा. डॉक्टरांनी तो बसवून दिला खरा, पण आमचं दोघांचं अजून पटत नाही. मी म्हणते जिना उतरू, तो म्हणतो आधी मला विचारायचं. रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. पहिल्या दिवशी तिनं मला दारात पाहिलं आणि पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. डोकावकाकू तुम्हीच ना, म्हणाली. मालिका संपली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण 'लिफ्ट बंद आहे'चे सगळे भाग तिला तोंडपाठ. त्यांच्या घरात म्हणे कुणी रुसलं की आज लिफ्ट बंद आहे असं म्हणतात, आणि बँकेतलं मशीन अडलं तरी तेच.

तिनं मला विचारलं की काकू एकदा तरी बसल्या का हो. मी म्हटलं, नाही बाई, काकूंचं कामच ते. शेजारच्यांच्या दारात यायचं, एक हात चौकटीला, पर्स काखेत, मान आत घालायची, "बसायला नाही आले मी" म्हणायचं आणि भाग संपेपर्यंत तिथंच उभं राहून अख्ख्या घराचा पंचनामा करायचा. ह्यांनी तसं लिहिलं आणि मी तसं केलं. एवढ्या वर्षांत काकूंनी उंबरा ओलांडला नाही. गुडघ्याचं खापर खरं तर ह्यांच्याच डोक्यावर फोडायला हवं, पण हे आधीच निसटले.

आता बातमी. चॅनेलवाल्यांचा फोन आला होता. मालिका नव्यानं काढताहेत. तीच इमारत, तोच चौथा मजला, तीच बंद लिफ्ट. दिग्दर्शक स्वतः बोलला. आवाज कोवळा आहे, पण अदब चांगली. काकूंशिवाय पहिला भाग होऊच शकत नाही म्हणाला. पुढच्या आठवड्यात ऑफिसात बोलावलंय. फोन ठेवला आणि मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. हात आपोआप कपाटाच्या चौकटीला गेला. वन्सं, किती दिवसांनी मला कुणी कामाला बोलावलंय. औषधाची वेळ झाली का, एवढं सोडून मला हल्ली कुणी काही विचारत नाही. केस रंगवून जाऊ का तशीच जाऊ, ते लगेच कळवा.

आणि तुम्हीही या ना इकडे. चार दिवस नको, चांगल्या राहायला या. खिडकीजवळच्या खुर्चीत सध्या मी बसते, कारण घरात उंच खुर्ची तेवढी एकच. पण तुम्ही आलात की उठेन. ह्यांनी ती कुणासाठी आणली होती ते मी विसरलेले नाही.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं पाणी घालत जा.

तुमची,
वहिनी


औषधांच्या दुकानातून, गिऱ्हाईक नसताना,
११ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

केस रंगवू नका. त्यांना काकू हव्या आहेत, काकूंची पुतणी नको आहे.

बातमी वाचून बरं वाटलं. दुकानात कुणाला सांगितली नाही, पण हात हलका झाला होता. एका आजोबांना गोळ्यांचं पाकीट देताना चक्क हसले. ते घाबरून नाव पुन्हा वाचायला लागले.

मी आता सकाळचीच येते. मालक म्हणतात स्टूलवर बसा. मी बसत नाही. काउंटरवरची बाई बसलेली दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद व्हायला आलं. काल एक गृहस्थ आले, डॉक्टरची चिठ्ठी पुढ्यात टाकली आणि बसायला नाही आलो मी, जरा हात उचला, असं मलाच म्हणाले. मला. मी त्यांचं खोकल्याचं औषध फार सावकाश शोधून दिलं.

यायचं म्हणाल तर येईन, पण उभ्याउभ्या. माझी रीत तुम्हाला माहीत आहे. खुर्चीचं पुढच्या वेळी बघू.

गुडघ्याला माझा नमस्कार सांगा आणि तुम्ही त्याचं ऐका. माया आहे तशी राहू द्या, वाढवलीत तर ठेवायला माझ्या खोलीत जागा नाही.

तुमची,
नणंद


खुर्चीतूनच,
१९ मार्च

प्रिय वन्सं यांस,
न. वि. वि.

मी मेले. घाबरू नका, मालिकेत.

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर रागाच्या भरात मधलंच सुटायचं. ऑफिस म्हणजे सगळ्या काचा. मी आत पाऊल टाकलं आणि काचेमागून माणसं भराभरा बाहेर आली. तरुण पोरं, पोरी, एक टक्कल पडलेले साहेब. ज्याला जी चौकट सापडली तिला हात लावून त्यानं मान पुढे काढली आणि माझं वाक्य म्हणून दाखवलं. फोटो काढले. एक मुलगी तर रडली. तिच्या आजीला घरात काही नीट आठवत नव्हतं, पण टीव्हीवर काकू दिसल्या की ती वाक्य पुरं करायची म्हणे. मी हरखून गेले होते, नाही कशाला म्हणू.

मग मीटिंगची खोली. लांबलचक टेबल आणि भोवती चाकांच्या खुर्च्याच खुर्च्या. सगळे बसले. मी एका खुर्चीकडे वळले, तर दिग्दर्शक हसून म्हणाला की तुम्ही कुठे बसायला आलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या संपल्यावर, वन्सं, कुणी खुर्ची दिलीच नाही. मला हे नवं नाही. दवाखाना असो, बँक असो, लग्नाचा हॉल असो, मला पाहिलं की लोकांना आनंद होतो आणि माझी खुर्ची जाते. पण आधी पाय माझे होते. मी दाराची चौकट धरली, कारण गुडघा थरथरत होता. त्यांना तो अभिनय वाटला. आणखी फोटो काढले.

तशी उभी राहून मी माझं मरण ऐकलं. काकू वारल्या आहेत. त्यांची भाची त्यांच्या घरात राहायला येते. जिन्यातल्या भिंतीवर काळ्या चौकटीत काकूंचा मोठा फोटो. भाची अडचणीत सापडली की त्या फोटोशी बोलते. चौकट करूनही आणली होती. टेबलावर उभी करून दाखवली, काच लावलेली, आत काहीच नाही. काचेत मीच दिसले.

त्यांना माझा एक जुना फोटो हवाय, संमतीची सही हवीय आणि पहिल्या दिवशी सेटवर येऊन चार शब्द कौतुकाचे. काकू जगल्या तर काय बिघडतं, मी विचारलं. तो इतक्या नम्रपणे बोलला की चिडताही येईना. म्हणाला, पहिल्या भागात लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, हा तुमचा मान आहे, आणि शिवाय तुमचा गुडघा. गुडघ्याचं त्यांना कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणे तुमच्या चिरंजीवांशी फोनवर बोलणं झालंय. आमचा ढब्बू! पन्नाशीला टेकला तरी चोंबडेपणा गेला नाही.

मी विचार करते म्हणाले आणि निघाले. बाहेर येऊन जिन्यात पायरीवर बसले. लिफ्ट चालू होती तरी.

मला मान नको होता, वन्सं. मला काम हवं होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या मायेवर सध्या उभी आहे.

वहिनी


ऑफिसातून,
२४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू बरी असशील. आम्ही सगळे ठीक. हे पत्र मी तुला लिहिलंय हे आईला कळू देऊ नकोस.

तिनं तुला सगळं कळवलं असेलच. तेव्हापासून घरात लिफ्ट बंद आहे. माझ्याशी बोलत नाही. फोन केला की गुडघ्याची चौकशी गुडघ्याकडेच कर म्हणते आणि ठेवून देते. परवा अचानक गेलो, तर बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात, एक हात चौकटीला, मान पुढे. समोर कुणी नाही. मला पाहून म्हणाली, दार पुसतेय. हातात फडकं नव्हतं.

आत्या, मला तिची काळजी वाटते. डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका म्हणून बजावलंय. सेटवर माणसं तासन्‌तास ताटकळतात हे मी लहानपणी पाहिलंय, तिचे सुजलेले पाय चेपलेही आहेत. हे लोक चांगले आहेत. फोटो लावतील, प्रत्येक भागात तिची आठवण काढतील. बसल्या जागी एवढा मान कुणाला मिळतो? या वयात पुन्हा तोंडाला रंग लावायचा आणि चार लोकांनी म्हणायचं की बिचारीला आता जमत नाही, ते मला ऐकवणार नाही. बाबा असते तर त्यांनीच तिची समजूत काढली असती. आता ती ऐकेल तर तुझंच. एवढी सही करून टाक म्हणून सांग तिला.

उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाड. रागावलीस तरी धाड.

तुझा,
ढब्बू


दुकानातून, गिऱ्हाइकं थांबवून,
२८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू मूर्ख आहेस, दुसऱ्यांदा वाटलं तू आईवर माया करणारा मूर्ख आहेस. म्हणून नीट उत्तर देते.

तुला कुणी सांगितलं नसेल. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तू रांगत होतास. का सोडलं ते तुला सांगणार नाही. सोडायलाच हवं होतं एवढं समज. एक बॅग घेतली, तुमच्यापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याची खोली घेतली आणि औषधांच्या दुकानात लागले. तुझा बाप म्हणाला आमच्याकडे राहा, तुझी आई त्याच्याआधी म्हणाली होती. पण तुमच्या जिन्यात बायका उभ्या असायच्या. माझ्या कानावर जाईल इतक्याच हळू आवाजात बोलायच्या की नवऱ्याला सोडून आली, आता भावाकडे कायमची बसायला आली.

म्हणून मी काय करायचे, दुकान सुटलं की चार मजले चढून यायचे. तुमची लिफ्ट तेव्हा खरंच बंद असायची. आणि दारातच थांबायचे. एक हात चौकटीला, कारण दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे. पर्स काखेत, कारण खाली ठेवली तर कुणी म्हणेल सामान आणलं. आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, बसायला नाही आले मी. तुला मांडीवर घ्यायची फार इच्छा व्हायची. पण त्यासाठी बसावं लागलं असतं. तुझ्या बापानं माझ्यासाठी ती उंच खुर्ची आणली आणि खिडकीजवळ ठेवली. मी तिच्यात कधी बसले नाही. शेवटी त्यानं मला मालिकेत घातलं.

तुझ्या आईबापाला वाटायचं मला काही कळलंच नाही. मला जपण्यासाठी दोघं इतके झटत होते की मीही कळू दिलं नाही. पहिला भाग लागला तेव्हा मी दारात उभी होते आणि तुझी आई टीव्ही सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा हात, माझी मान, माझी पर्स, सगळं तिनं उचललं होतं. राग आला, खोटं कशाला बोलू. काही दिवस मी आलेच नाही.

मग एकदा जिना चढत होते. त्याच बायका, तोच कोपरा. एकीनं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, आली बघा बसायला, असं म्हणायला गेली आणि मध्येच तिला हसू फुटलं. बाकीच्याही हसल्या. मग मीही हसले. ते वाक्य त्यांना माझ्यावर फेकताच येईना. ते आता काकूंचं झालं होतं. त्या दिवसापासून जिन्यात मला कुणी काही बोललं नाही, उलट वाट देऊ लागल्या.

पुढे मालकांनी इकडे दुसरं दुकान काढलं आणि मी इथे आले. काउंटरवर उभं राहून इतकी वर्षं ऐकते आहे. सासरहून भांडून आलेली पोर भावाच्या दारातून मोठ्यानं काकूंचं वाक्य म्हणते, घर हसतं आणि हसता हसता तिला आत घेतं. मला येऊन सांगतात बायका, गोळ्या घेताना. हे तुझ्या आईबापानं केलं. कितीतरी पुढारी आले आणि गेले, एवढं कुणाला जमलं नाही. आणि तू म्हणतोस तोंडाला रंग.

मान आहे म्हणतोस. ज्या बाईला इतक्या वर्षांत एकदाही कुणी खुर्ची दिली नाही, तिला थेट भिंतीवर चढवायचं? काकू मेल्या असं परस्पर ठरवणारे हे कोण? मी इथे दुकानात उभी आहे, चांगली धडधाकट, आणि मला कुणी विचारलेलं नाही.

सही होणार नाही. हे पत्र आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव. तू ठरवशील ते बरोबरच असेल अशी माझी समजूत नाही.

राखून ठेवलेले आशीर्वाद तुझं वागणं बघून पाठवीन.

तुझी,
आत्या


घरून,
५ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
न. वि. वि.

ढब्बूनं तुमचं पत्र आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसला.

मी रडले. मग मला तुमचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी तुमच्यासमोर ते वाक्य तोंडातून काढलं नाही. सगळ्या जगानं माझ्याकडून ते म्हणवून घेतलं, आणि तुम्ही दारात आलात की मी जीभ चावायचे. कोणी पाहुणा तुमच्या देखत ते वाक्य म्हणून दाखवा म्हणाला की मला खोकला यायचा. तुम्ही माझा तो खोकला बघत होतात आणि औषध सुचवत होतात. मी ते कडू औषध प्यालेही आहे. हे तुम्हाला शोभतं का?

राग ओसरल्यावर मी ढब्बूला माळ्यावरून घडीची खुर्ची काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही चॅनेलच्या ऑफिसात गेलो. मी पुढे, खुर्ची काखेत मारून तो मागे. मीटिंगच्या खोलीत ते सगळे बसलेले होते. ढब्बूनं टेबलाच्या टोकाशी खुर्ची उघडली, एकदा हलवून पाहिली, आणि मी बसले. बाहेर कुणीतरी म्हणालं की काकू बसल्या, आणि ती बातमी काचेमागून काचेमागे गेली.

मी सांगितलं की फोटो मिळणार नाही, सही मिळणार नाही. काकू जिवंत आहेत, मी त्यांना ओळखते. त्या चौकटीत दुसऱ्या कुणाचं तोंड बसवलंत तर शूटिंगला रोज येऊन मी त्या फोटोखाली उभी राहीन, आणि उभं राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. दिग्दर्शकानं टकलू साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीकडे. बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की काकूंचा एक प्रसंग घ्यायचा. दारात यायचं, वाक्य म्हणायचं, प्रेक्षक टाळ्या वाजवतील, निघून जायचं. दुसऱ्या भागात काकू गाव सोडून गेल्या म्हणून कुणीतरी सांगेल. म्हणजे मारायचं नाही, हाकलायचं.

मी प्रसंग करते म्हणाले. पुढचं पुढे.

तर वन्सं, मागच्या वेळी आम्ही दोघांनी तुम्हाला न विचारता घेतलं. या वेळी आधी विचारते. इतक्या वर्षांनी काकू त्या दारात आल्या तर काय म्हणतील? तुम्ही सांगाल ते वाक्य मी म्हणेन. त्यांच्या कागदावर काही का असेना.

तुमच्या उत्तराची वाट उभी राहून नाही, बसून बघते आहे.

तुमची,
वहिनी


दुकानातून,
१० एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न.

काही म्हणणार नाहीत.

वाक्य उभ्या माणसाला लागतं. बसलेल्या माणसाला कोण विचारतं कशाला आलात म्हणून? आत जा, तिथली बरी खुर्ची बघा आणि बसा. कुणी देईल म्हणून थांबू नका. आणि पर्स खाली ठेवा. ते विसरू नका वहिनी, पर्स काखेत असली तर ते बसणं खरं नाही. मी या खोलीत इतकी वर्षं राहते आहे आणि माझी पर्स अजून दाराच्या खुंटीला असते.

खोकल्याच्या औषधाबद्दल क्षमा मागणार नाही. तुम्हाला खोकला होता, मी औषध दिलं.

बाकी लोभाचं काय ते प्रसंग झाल्यावर.

तुमची,
नणंद


घरून,
२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

आई झोपली आहे, दमून. म्हणून मी लिहितो. नाहीतर ती लिहिणार होती आणि स्वतःचं कौतुक गाळलं असतं. म्हणजे तसं ती म्हणते.

काल पहिल्या भागाचं शूटिंग झालं. समोर बाकांवर प्रेक्षक होते, पूर्वी असायचे तसेच. म्हातारी माणसं होती, कॉलेजातली पोरं होती, लेकुरवाळ्या होत्या. आई दारात आली. एक हात चौकटीला, पर्स काखेत, मान आत. तिनं तोंड उघडायच्या आधीच अख्ख्या हॉलनं ते वाक्य म्हटलं. आत्या, बाकांवरच्या सगळ्या माणसांनी एका आवाजात तुझं वाक्य म्हटलं. माझ्या शेजारच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला आमच्या घरात सगळेच म्हणतात, पण ते मालिकेतलं आहे हे त्याला यंदाच कळलं.

टाळ्या संपल्या. आता आईनं जायचं होतं. कॅमेऱ्यामागून एकजण निघा निघा म्हणून हात करत होता. आईनं तिकडे पाहिलंच नाही. तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

ती लंगडत चालत होती, आणि ते लंगडणं खरं होतं. मी अर्धा उठलो होतो. मधल्या मोठ्या खुर्चीत घरमालकाचं काम करणारा नट बसला होता. आई त्याच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली. तो उठला. आई बसली. पाठ टेकली. मग पर्स काखेतून काढून खाली जमिनीवर ठेवली, अगदी सावकाश, आणि समोर बघत राहिली. एक अक्षर बोलली नाही.

मला वाटलं, संपलं, आता हसं होणार. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी बाई उठून उभी राहिली. मग तिच्या बाजूची. मग सगळेच. टाळ्या वाजवत सगळा हॉल उभा होता आणि एकटी आई बसलेली होती. मीही उभाच होतो आणि मला नीट दिसत नव्हतं.

भाचीचं काम करणारी मुलगी हुशार निघाली. ती पटकन खाली आईच्या पायाशी बसली आणि पाणी आणू का विचारलं. हे कागदावर नव्हतं. आईनं आण म्हणून सांगितलं आणि या घरात जेवायला किती वाजता बसतात तेही विचारून घेतलं. हॉल असा हसला की दिग्दर्शकाला थांबवावंसं वाटलंच नाही. नंतर तो बराच वेळ एकटाच सेटवर बसून होता. मग उठून त्यानं गाव सोडून गेल्याचा कागद फाडला. काकू आता तिथंच राहणार, प्रत्येक भागात, बसून. डॉक्टरांनाही बसून चालतं. काळी चौकट वाया जाऊ नये म्हणून तिच्यात लिफ्ट बंद असल्याची पाटी लावली आहे.

तुझे राखून ठेवलेले आशीर्वाद आता पाठवलेस तरी चालेल. आणखी एक. मी लहान असताना तुला मला मांडीवर घ्यायचं होतं, ते मला माहीत नव्हतं. आता मी मावणार नाही, पण सांगावंसं वाटलं.

तुझा,
ढब्बू


दुकानातून, शेवटचं,
३० जून

ती. वहिनींस आणि चि. ढब्बूस,
एकाच पाकिटात नमस्कार आणि सगळे आशीर्वाद. वाटून घ्या, भांडू नका.

पहिला भाग दुकानात पाहिला. मालकांनी टीव्ही काउंटरवर आणून ठेवला होता. गिऱ्हाइकं आत, बाहेर, फुटपाथवर. तुम्ही पर्स खाली ठेवलीत तेव्हा मालकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. बाहेरच्या एका बाईंना वाटलं दुकान बंद होतंय, त्या घाईनं चिठ्ठी पुढे करायला लागल्या. माझ्यापुरतं व्हायचंच होतं. भाग संपल्यावर मी मालकांना तसं सांगितलं आणि खोलीच्या मालकिणीलाही.

गुरुवारी येते. सामान बरंच आहे, ढब्बूला स्टेशनवर पाठवा. आपली लिफ्ट आता चालते असं ऐकते, पण मी जिन्यानं येणार. त्या बायकांपैकी कुणी अजून राहत असेल तर बरंच होईल. प्रत्येक मजल्यावर थांबून, चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार आहे की हो, भावाच्या घरी कायमची बसायला आले आहे.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून ठेवा. तुमच्या गुडघ्याचं कारण मी ऐकून घेणार नाही.

लोभ मागत नाही. येऊन घेते.

तुमची,
नणंद